प्लॅस्टिकचा टेनर आणि जाड ग्रंथ

६ जानेवारी

आज दाताच्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत आडवं करून, तोंडात सुई घालून, एक वाद्य शिकायला भाग पाडलं. पत्रकारितेत धमक्या येतात असं ऐकून होतो. पण धमकी देणारी व्यक्ती आपल्या तिसऱ्या दाढेच्या इतकी जवळ असेल अशी कल्पना नव्हती.

गेल्या रविवारच्या सदरात मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमणाऱ्या रेकॉर्डर-मंडळाची थोडी थट्टा केली होती. रेकॉर्डर म्हणजे तोंडापुढे सरळ उभी धरून वाजवायची एक जुनी बासरी. लहान-मोठ्या आकारांत येते, आणि चौघं मिळून चार उंचीच्या वाजवतात. मी लिहिलं होतं की चार सभ्य नागरिक चहा निववावा तसे नळ्यांत फुंकतात आणि जे निघतं त्याला संगीत म्हणतात. एवढंच. मंडळाच्या प्रमुख आमच्या डॉक्टरीणबाई आहेत, हे मला तोंड उघडल्यावर कळलं.

"आणखी उघडा. हं. ती फुंकर वाचली तुमची."

"आं."

"आमचा टेनरवाला बदली होऊन गेला. टेनर म्हणजे खालून दुसरा आवाज. बावीस मार्चला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. तो झाला नाही तर वरची खोली आमच्याकडून जाणार आणि वाचनालयाची समिती तिथे मोडक्या खुर्च्या ठेवणार. ही बातमी तुम्हीच छापलीत ना?"

"आं."

"मग टेनरला तुम्ही या. कबूल नसेल तर मान हलवा. मात्र सुई आत आहे, जपून."

मी मान हलवली नाही. लोकशाहीत संमती अशीही घेता येते, हे आजवर इतक्या सभांना बसून कळलं नव्हतं.

८ जानेवारी

हिला सांगितलं. ही वजनमापं खात्यातून नुकतीच निवृत्त झाली. साहेबीणच होती. बाजारात शिरली की दुकानदार आपोआप तराजू पुसायला लागत. अजूनही भाजीवाला हिच्यापुढे काटा स्थिर होईपर्यंत श्वास घेत नाही.

"तुम्ही? बासरी?" ही म्हणाली. "तुम्हाला शिट्टीसुद्धा येत नाही."

मी म्हटलं, ज्याने ऐन तारुण्यात पाणिनीची सूत्रं पाठ केली त्याला आठ छिद्रं काय जड आहेत?

"भोकं आठ आहेत ते तरी मोजलंत का?"

मोजली नव्हती. वाद्यच अजून पाहिलेलं नाही. पण हिला मोजण्याची सवय, मला श्रद्धेची. संसार त्यावरच चाललाय.

११ जानेवारी

वाद्यखरेदी. ही बरोबर आली. म्हणाली, घरात काही नाही, बसून कंटाळा येतो.

दुकानदाराने आधी लाकडी टेनर पुढे केला. सुंदर होता, आणि ते त्याला माहीत होतं. रोज थोडाच वेळ वाजवायचा, तेल द्यायचं, ऊन दाखवायचं नाही. मी म्हटलं, एवढे लाड मला स्वतःला झेपत नाहीत. मग प्लॅस्टिकचे तीन निघाले. पहिल्याला नुसतीच छिद्रं. ती एकमेकांपासून इतकी लांब की माझी करंगळी निम्म्या वाटेत थकली. दुसऱ्याची मान वाकडी, वाजवणारा दवाखान्यात वाफ घेतोय असं वाटावं. तिसरा सरळ, तपकिरी, आणि खालच्या दोन छिद्रांवर चाव्या. म्हणजे करंगळीने चावी दाबली की दूरचं छिद्र आपसूक झाकतं. मी तो हातात घेतला, उजवा हात वर, डावा खाली.

"उलटं," दुकानदार म्हणाला.

"अहो, डावा वर," ही म्हणाली आणि माझ्या हातातून काढून घेतला, धरून दाखवायला. अंगठा मागच्या छिद्रावर, बोटं पुढे, करंगळी थेट चावीवर. बघितलंही नाही तिकडे. "चावीला तेल लागतं का हो हिच्या? आणि हा खालचा तुकडा फिरतो का? आत वळवला तर लहान हाताला सोपं जाईल."

दुकानदार म्हणाला, "बाईंचा हात..."

मी म्हटलं, "हाच द्या." खरेदीत रेंगाळलं की माणसं गप्पा मारायला लागतात.

लाकूड नव्हे, प्लॅस्टिक, याचं मनात जरा शल्य आहे. पण धुता येतं. डॉक्टरीणबाईंना ते आवडेल.

१३ जानेवारी

वाद्य तीन तुकड्यांचं आहे. मी त्यांना मस्तक, कबंध आणि पाद अशी नावं दिली. ही म्हणाली, बासरी जोडताय की राक्षस मारताय?

डब्यात एक घडीचा कागद निघाला. बोटं कुठे ठेवायची त्याची चित्रं, एवढीशी. विक्रेत्याचे कागद मी वाचत नाही. त्यांत सत्य असतं पण परंपरा नसते. विद्या ग्रंथातून घ्यावी. वाचनालयात गेलो आणि संगीताच्या कपाटातला सर्वांत जाड ग्रंथ काढला: रेकॉर्डर-वादनाचा साद्यंत अभ्यासक्रम, तीनशेवर पानं. वेष्टन नाही, पहिली काही पानं वाळवीने खाल्लेली. म्हणजे किती पिढ्यांनी वापरला असेल! ग्रंथपालबाई मंडळात आल्टो वाजवतात, आल्टो म्हणजे टेनरहून लहान बहीण. त्या आज रजेवर होत्या, मदतनिसाने शिक्का मारून दिला.

कागद मी टाकून देणार होतो. हिने उचलून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणाली, कपाटाचं दार वाजतं, कागदाची घडी अडकवली की बसेल.

२० जानेवारी

पहिला आठवडा. जोरात फुंकलं तर वाद्य किंचाळतं, हळू फुंकलं तर रुसतं. याला मधला मार्ग लागतो. माझ्या स्वभावात तो नाही, सदरात तर मुळीच नाही.

ग्रंथ मात्र रत्न आहे. पान अडतीसवर एक साधी चाल आहे, लहान मुलांची. ती आज मी अखंड वाजवली आणि ती चाल म्हणून ओळखू आली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती अशी खालून का येतेय?"

"खालून म्हणजे?"

"म्हणजे अख्खीच्या अख्खी खाली बसल्यासारखी."

"टेनर आहे तो. खालचाच असतो."

"त्याहून खाली," ही म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. वजनमापं खात्यात माणसाला सगळंच कमी भरल्यासारखं दिसतं.

२९ जानेवारी

प्लॅस्टिकविषयी एक शास्त्रीय निरीक्षण. पुस्तकात लिहिलंय की थंड वाद्यात फुंकलं की वाफेचे थेंब साचतात आणि स्वर गुदमरतो, म्हणून वाजवण्याआधी मस्तक काखेत किंवा खिशात धरून ऊबदार करावं. माझा टेनर मला कचेरीतून आल्यावर आधीच ऊबदार सापडतो. रोज. लाकूड थंडी धरून ठेवतं, प्लॅस्टिक दिवसाची ऊब धरत असावं. लाकडाचे भक्त हे सांगत नाहीत.

आणखी एक. मी पाद सरळ ठेवून जातो आणि संध्याकाळी तो आत वळलेला असतो. उष्णतेने प्रसरण, दुसरं काय. खात्री करायला आज पेन्सिलीची बारीक खूण केली.

३० जानेवारी

खूण पुसलेली. ही म्हणाली, "डाग होता, पुसला."

३ फेब्रुवारी

जिन्यात खालचे पोस्टमास्तर भेटले. निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतात आणि कानात ऐकण्याचं यंत्र घालतात.

"वा, काय प्रगती आहे हो तुमची!" म्हणाले. "आज ती सावकाश जाणारी, लांब स्वरांची... डोळे मिटून ऐकली."

आज मी वाद्याला हातही लावला नव्हता. कालचं म्हणत असावेत.

"कालचं?"

"छे, कालच्या संध्याकाळी मी यंत्र काढून ठेवलं होतं." मग जरा ओशाळून, "डोकं दुखत होतं."

यंत्रात कसलीतरी साठवण असावी. ऐकलेलं दुसऱ्या दिवशी पोचतं. टपाल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कानालाही तीच सवय लागावी, याची मौज वाटली. सदरासाठी टिपून ठेवलं.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी कार्यक्रमाच्या रचनेतला टेनरचा पाठ पाठवला. खाली चिठ्ठी: गुरुवारी तालमीला या. मी कळवलं, पाणीपुरवठा समितीची बैठक आहे. अर्धवट तयारीने सभेत उभं राहणाऱ्यांवर मी आयुष्यभर लिहीत आलो. आपण त्यांच्यात जाऊन बसायचं नाही.

पाठात एक विचित्र गोष्ट आढळली. सर्वांत खालच्या रेघेवर आणि तिच्याही खाली बरेच स्वर लिहिलेत, आणि ते माझ्या ग्रंथात मुळीच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधलं. तीनशे पानांत नाही ते चार पानांत कुठून आलं? रचनाकाराचा प्रमाद. मी ते सगळे स्वर आठ पायऱ्या वर उचलून घेतले. अशुद्ध पाठ टीकाकाराने दुरुस्त करावा असा आमच्याकडे दंडकच आहे.

हिला दाखवलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "आहेत ते. कपाटाच्या दारावरच्या कागदावर."

"तो विक्रेत्याचा कागद आहे."

"बनवणाऱ्याचा आहे. ज्याने बनवलं त्याला भोकं माहीत असतील ना?"

"ग्रंथ जुना आहे."

"तराजूही जुने असायचे," ही म्हणाली. "जप्त करायचो आम्ही."

१९ फेब्रुवारी

कन्येचा फोन. ती दूरच्या शहरात नोकरी करते. म्हणाली, "बाबा, आईला दम का लागतो? दुपारी फोन केला की धापा टाकत उचलते. आणि परवा तर उचलला आणि 'एक मिनिट, ओळ संपवते' म्हणाली. कसली ओळ?"

शिवणाची असेल, मी म्हटलं. पण धापेचं मनावर घेतलं. हिला सांगितलं, निवृत्तीनंतर शरीर सुटतं, फुप्फुसांना व्यायाम हवा, काहीतरी कर.

"बघते," ही म्हणाली आणि का कोण जाणे, पदराने तोंड झाकून आत गेली. बायकांना तब्येतीचं बोललेलं आवडत नाही.

२६ फेब्रुवारी

गेले काही दिवस वाद्य थेंब साचून गुदमरत होतं. प्लॅस्टिकचा हाच एक दोष, लाकडासारखं ते ओल पीत नाही. ग्रंथात उपाय सापडला: भांडी घासायच्या साबणाचा थेंब पाण्यात मिसळून फुंकायच्या फटीत सोडावा आणि वाळू द्यावा, म्हणजे थेंब न बनता ओल पसरून जाते. मोठ्या शास्त्रोक्तपणे वाटी घेऊन बसलो.

"परवाच केलंय," ही म्हणाली.

"का?"

"घाण होतं. धुतलं."

किती काळजी घेते. मी इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर म्हटलं तर लगेच बाजारात पाठवेल.

७ मार्च

तालमीचं तिसरं बोलावणं, माझं तिसरं कारण. आता चौथं सुचेना. शेवटी कळवलं: चौदाला येतो, पूर्ण तयारीनिशी. पूर्ण तयारी झालीच आहे. चारही पानं न अडखळता वाजतात. स्वतःच्या वाजवण्यात मी आज जरा रंगलोसुद्धा, डोळे मिटले. ही बाजूला उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली:

"तिसऱ्या पानावर श्वास फार उशिरा घेता. लांब स्वराच्या आधी घ्या."

तिचं बरोबर निघालं. दोन महिने रोज कानावर पडून बिचारीला पाठ झालं असणार.

"चौदाला मी पण येऊ?" तिने विचारलं. "मागे बसेन."

मी म्हटलं, ये की. यशाला साक्षीदार असलेला बरा.

१४ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण दैनंदिनीत गैरसोयीचे दिवस गाळले तर उरतील फक्त हवामान आणि जेवण.

वाचनालयाची वरची खोली. चार खुर्च्या, चार स्टँड. डॉक्टरीणबाईंचा सोप्रानो सर्वांत लहान. ग्रंथपालबाईंचा आल्टो. विमा कंपनीतले एक साहेब, ज्यांना मंडळात खर्जसाहेब म्हणतात, त्यांचा तो उंच बेस, लाकडी. त्यांनी माझ्या टेनरकडे बादलीकडे बघावं तसं पाहिलं.

"प्लॅस्टिक?"

"धुता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला धीर आला.

ही मागच्या बाकावर हातपिशवी मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलवली आणि आम्ही सुरू केलं. मी माझ्या पहिल्या स्वरावर ठामपणे उभा राहिलो. पुढे जे झालं त्याचं वर्णन करायला संस्कृतात शब्द आहेत, पण ते युद्धप्रसंगी वापरतात. तिघं एका घरात होते आणि मी शेजारच्या घरात. माझी चूक एकही होत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. एक स्वर चुकला नाही, एक मात्रा सुटली नाही. आणि तरी सगळं मिळून असं वाटत होतं की कुणीतरी चार माणसांना एकाच वेळी चार वेगवेगळ्या कारणांसाठी रागावतंय.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टेनर, एकटा स्वर धरा. कुठला हा?"

"एफ."

"खर्जसाहेब, एफ द्या."

त्यांनी दिला. दोन्ही आवाज शेजारी उभे राहिले आणि त्यांची ओळखही नव्हती.

"बोटं तशीच ठेवा. हलवू नका." त्या वाकल्या आणि माझ्या बोटांकडे किडकी दाढ शोधावी तशा बघायला लागल्या. मग ग्रंथपालबाईंचा आल्टो घेतला, पुसला, माझ्या हातात दिला. "आता यावर. तीच बोटं."

मी फुंकलं. शुद्ध, स्वच्छ एफ. खर्जसाहेबांच्या एफच्या मांडीवर जाऊन बसला.

मग ग्रंथपालबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही तो जाड ग्रंथ नेलात का हो? वाळवीवाला? अहो, तो आल्टोचा आहे. पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं होतं. ते पान..."

"...वाळवीने खाल्लं," मी म्हटलं.

एकाच बोटांना लहान वाद्यावर एक स्वर येतो, मोठ्यावर दुसरा. चित्र तेच, नाव वेगळं. ग्रंथ आल्टोचा, हातात टेनर, म्हणून वाजवलेलं सगळं चार पायऱ्या खाली. एकट्याने वाजवलं तर चाल चालच राहते, सगळी मिळून खाली बसते एवढंच. दोन महिने मी निर्दोष आल्टो शिकलो, टेनरवर. ग्रंथात नसलेले ते खालचे स्वर रचनाकाराचे प्रमाद नव्हते. आल्टोला ते लागतच नाहीत.

"आठ दिवसांत बोटं उलटी शिकता येतील?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी प्रयत्न केला. माझी बोटं माझ्यासारखीच आहेत, एकदा पाठ केलेलं सोडत नाहीत.

खर्जसाहेबांनी बेसचे तुकडे सुटे करायला घेतले. "कळवा समितीला. आणू देत खुर्च्या." तुकडे पिशवीत घालताना त्यांनी एकवार खोलीभर नजर फिरवली. मला वाटलं होतं हा माणूस फक्त लाकडावर प्रेम करतो.

तेवढ्यात मागून, "मी बघू का जरा?"

ही उठून आली. रुमालाने टेनरचं तोंड पुसलं. पाद आत वळवला. माझ्या खुर्चीवर बसली, म्हणजे मी उठलोच होतो. मस्तक क्षणभर तळहातात धरलं, ऊब द्यायला. तिघांकडे बघून म्हणाली, "चालू करा."

पहिल्या ओळीला मी समजत होतो की ऐकून ऐकून हिला पाठ झालंय. दुसऱ्या ओळीला मला वाटलं, स्त्रियांची नक्कल करण्याची शक्ती मोठी. तिसऱ्या ओळीत ते खालचे स्वर आले, माझ्या ग्रंथात नसलेले, आणि हिची करंगळी न बघता चावीवर गेली. इतका मऊ, भरलेला आवाज त्या तपकिरी नळीतून निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याशी ती कधी असं बोलली नव्हती. नळी, म्हणजे.

मग मला ऊब आठवली. पुसलेली खूण आठवली. पोस्टमास्तरांचं यंत्र, कन्येचा फोन. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि हातपिशवी मांडीवर घेतली.

१५ मार्च

सकाळी चहाला विचारलं, "कधीपासून?"

"आणल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही कचेरीत गेलात की."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्ही इतके रंगात होतात, म्हटलं कशाला मध्ये या." मग कपात बघत, "घरात एवढी शांतता असते हो दुपारी. खात्यात दिवसभर कुणी ना कुणी भांडायचं. इथे भांडायला भिंती. पहिल्या दिवशी एक स्वर निघाला, लांब, सरळ. मला वाटलं, काटा स्थिर झाला."

मी उठून हिच्या कपात आणखी चहा ओतला. नोंद करून ठेवतो, कारण असं क्वचित घडतं.

थोड्या वेळाने म्हटलं, "पण मी चुकीचं वाजवतोय हे कळत होतं ना?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात ग्रंथ."

"नीट सांगायचंस."

"मलाही नीट कळत नव्हतं. एवढं कळत होतं की माणूस इतक्या सारखेपणाने चुकू शकत नाही. तुमचं वजन बरोबर होतं. मापच दुसऱ्याचं होतं." आणि मग जरा हसून, "शिवाय, म्हटलं, हे मंडळात गेले की आपोआप कळेल. तुम्ही जाईनातच. मी रोज वाट बघत होते."

म्हणजे मला तालमीला पाठवण्यासाठी ही दोन महिने टपून होती आणि मी पाणीपुरवठा समितीच्या आड लपत होतो. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मला नव्हता. "बाईंना द्या."

१९ मार्च

रोज तालीम. मी पिशवी वाहतो. आज हिच्या ओळखीचा एक दुकानदार वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटला, हिला बघून सवयीने उभा राहिला आणि हातातली नळी बघून म्हणाला, "बाई, आता याचंही माप काढणार?"

"याचं माप निघालं," ही म्हणाली. कुणाकडे बघून ते मी लिहीत नाही.

२२ मार्च

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत समितीचे अध्यक्ष, मी मध्यावर, शेजारी पोस्टमास्तर. त्यांनी यंत्र लावलं होतं, आवाज पूर्ण वर. "आज तुमचं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचंच आहे.

टेनर ऐकू येत नाही, हे मला आज कळलं. सोप्रानो कानाला दिसतो, बेस पोटाला जाणवतो. मधला आवाज कुणी ऐकत नाही. पण एका ठिकाणी हिला दोन आवर्तनांची विश्रांती होती आणि तेवढा वेळ सगळी रचना एकदम उघडी पडली, भिंत काढल्यासारखी. मग ही परत आली आणि घर झालं. मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते. त्यांना हे जानेवारीपासून माहीत होतं.

उशिरा आलेले लोक उभे होते, म्हणून अडगळीतल्या खुर्च्या आणाव्या लागल्या, तीन मोडक्यांसकट. एका मोडकीवर अध्यक्ष स्वतः बसले, शिष्टाचारापोटी दुसऱ्याला जागा देऊन. शेवटी भाषणात म्हणाले की खोली मंडळाकडेच राहील, कारण खुर्च्या खालीच लागतात. टाळ्या पडल्या. खर्जसाहेब चष्मा पुसत हिच्या टेनरजवळ आले. "मी एकदा धरून बघू?" म्हणाले. हिने दिला. त्यांनी प्लॅस्टिकला दोन्ही हातांनी धरलं.

२३ मार्च

बातमी लिहिली. संपादक म्हणाले, घरच्या माणसाची स्तुती नको. म्हणून टेनरविषयी एकच वाक्य ठेवलं: टेनरची बाजू भक्कम होती. हिने सकाळी वाचलं.

"भक्कम? मी काय धरण आहे?"

मी म्हटलं, संपादकीय धोरण आहे.

"लांब स्वर सरळ होते, एवढं तरी लिहायचं. ते मोजता येतं."

२५ मार्च

आल्टो आणला. प्लॅस्टिकचाच, टेनरसारखाच तपकिरी. ग्रंथ उघडला, पान अडतीस काढलं. बोटांनी जे करायचं ते केलं आणि प्रथमच जे निघायला हवं होतं तेच निघालं. दोन महिन्यांत एकही चूक न केलेल्या माणसाला मिळणारा आनंद.

लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला: मी तयार आहे, मंडळात घ्या, दुसरा आल्टो म्हणून. त्या म्हणाल्या, यापुढे आम्ही कुणालाही ऐकल्याशिवाय घेत नाही. परीक्षा द्यावी लागेल.

"कोण घेणार?"

"टेनर."

फोन ठेवला. ही खिडकीपाशी बसून दुपारचा सराव करत होती. ओळ संपेपर्यंत थांबलो, आता एवढं कळतं. मग शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं की घरच्या माणसाला परीक्षेत काही सवलत मिळते का.

हिने टेनर मांडीवर आडवा ठेवला आणि मला खात्यातल्या नजरेने आपादमस्तक बघितलं.

"अहो, पारड्यावर फुंकर मारणारे मी फार पाहिलेत," ही म्हणाली. "बसा. लांब स्वरापासून सुरू करा."